कोणता सरडा, कोणती गोचीड?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी सरपटणारे प्राणी हे लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या रोगाचे वाहक असल्याची बातमी आली होती. त्यानंतरच्या अंकात एका वाचकाने तिला उत्तर देताना, सरडा लाइम पसरवत तर नाहीच, उलट त्याच्या रक्तात त्या रोगाचे जंतू मरतात, असे ठामपणे लिहिले. दोघांनीही खऱ्या संशोधनाचाच आधार घेतलेला दिसतो, आणि तरीही दोन्ही मजकूर वाचणाऱ्याच्या पदरात चुकीचीच समजूत पडण्याची शक्यता आहे, म्हणून हे पत्र. बातमी युरोपातल्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सरड्यांबद्दल खरी ठरू शकते, पत्रलेखकाचे म्हणणे कॅलिफोर्नियातल्या एका सरड्याबद्दल खरे आहे. पण दोघांनीही आपले विधान साऱ्या सरडेजातीवर पसरवून टाकले आणि वडाची साल पिंपळाला लावली.

मूळ रोगाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात लाइम आणि ओल्ड लाइम या गावांच्या परिसरात १९७५च्या सुमारास बऱ्याच मुलांचे सांधे सुजू लागले, काही आयांनी त्याचा पिच्छा पुरवला, येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तपास केला आणि या दुखण्याला त्या गावाचे नाव मिळाले. कारण सापडायला मात्र आणखी काही वर्षे गेली. १९८१ साली माँटाना राज्यातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडींच्या आतड्यात मळसूत्री आकाराचे जीवाणू दिसले, १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पुढे त्या जीवाणूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव देण्यात आले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे निदान होऊन उपचार केले जातात. हा आकडा प्रत्यक्ष नोंद होणाऱ्या रुग्णांपेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण नोंद न होणारे रुग्ण धरूनच तो काढलेला आहे.

आता गोचिडीकडे येतो, कारण सरड्याचा प्रश्न तिच्याशिवाय सुटत नाही. लाइमचा जीवाणू पोसणाऱ्या इक्सोडिस कुळातल्या गोचिडी आयुष्यात साधारण तीनदाच रक्त पितात. अंड्यातून सहा पायांचा लार्व्हा निघतो, तो एकदा पोटभर रक्त पिऊन गळून पडतो. कात टाकून त्याचा आठ पायांचा निम्फ होतो, तो पुन्हा एकदा पितो. मग प्रौढ मादी तिसऱ्यांदा पिऊन अंडी घालते आणि मरते. एवढ्यासाठी दोन-तीन वर्षे जातात. इथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हा जीवाणू आईकडून अंड्यात जवळपास जात नाही. म्हणजे लार्व्हा जन्मतः स्वच्छ असतो. त्याने पहिले रक्त ज्या प्राण्याचे प्यायले, त्यावर पुढचा निम्फ माणसाला धोकादायक ठरणार की निरुपद्रवी राहणार हे अवलंबून असते, आणि माणसाला लाइम होतो तो बहुतेक वेळा निम्फच्या चाव्यातून, कारण खसखशीच्या दाण्याएवढा निम्फ कातडीवर दिसतच नाही. ईशान्य अमेरिकेत ते पहिले रक्त बहुधा पांढऱ्या पायांच्या उंदराचे असते, ज्याच्या अंगात हा जीवाणू त्याला फारसा न त्रास देता दीर्घकाळ टिकून राहतो. हरणावर प्रौढ गोचिडी मोठ्या संख्येने पोसल्या जातात, पण त्याच्या अंगात जीवाणू तग धरत नाहीत. तेव्हा हरीण गोचिडी वाढवते, रोग वाढवत नाही, असे म्हटले तर अर्धे बरोबर ठरेल. सरड्याबाबत नेमका हाच गुंता आहे.

एखादा प्राणी लाइमच्या चक्रात काय भूमिका बजावतो हे ठरवायला तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. त्याच्या अंगावर त्या जातीची गोचीड बसते का, ही पहिली. त्याच्या शरीरात जीवाणू जिवंत राहतो का, ही दुसरी. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, तिथून तो पुढच्या स्वच्छ गोचिडीत जातो का. पहिली गोष्ट सरडा हातात धरून भिंगातून पाहिली तरी कळते. दुसऱ्यासाठी रक्त किंवा कातडीचा तुकडा तपासतात. तिसऱ्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेले, ज्यांनी कधीच रक्त प्यायलेले नाही असे लार्व्हे त्या प्राण्यावर सोडावे लागतात, ते पिऊन गळून पडले की गोळा करून त्यांचे निम्फ होईपर्यंत थांबावे लागते आणि मग त्या निम्फमध्ये जीवाणू शोधावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून ते कमी प्राण्यांवर झाले आहे. बहुतेक बातम्या दुसऱ्या पायरीवरच्या निष्कर्षाला तिसऱ्या पायरीचे नाव देतात. सरड्याच्या ऊतीत जीवाणूच्या डी.एन.ए.चे अंश सापडले, एवढ्यावरून तो सरडा रोग पुढे देतो असे सिद्ध होत नाही. नुकत्याच पोटात गेलेल्या, मेलेल्या किंवा मरू घातलेल्या जीवाणूंचेही अंश सापडतात.

पत्रलेखकाने ज्याची स्तुती केली तो सरडा कॅलिफोर्नियातला वेस्टर्न फेन्स लिझर्ड. आपल्याकडे सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. या सरड्याचे तर नावच कुंपणावरून पडले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या ओकच्या टेकड्यांवर वसंत ऋतूत फिरताना मी तो अनेकदा पाहिला आहे. लाकडी खांबावर नर उन्हात बसून अधूनमधून पुढच्या पायांवर चक्क जोर काढतो आणि उठताना पोटाच्या दोन्ही कडांचे गर्द निळे पट्टे दिसतात. एकदा एक नर हातभर अंतरावर निवांत बसून राहिला, तेव्हा त्याच्या कानाच्या मागच्या घडीत, खवल्यांखाली, राखाडी रंगाचे फुगीर दाणे एकाला एक चिकटून बसलेले दिसले. त्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या काळ्या पायांच्या गोचिडीच्या लहान अवस्था होत्या. या भागातल्या सरड्यावर अशा डझनावारी गोचिडी सापडणे ही काही नवलाची गोष्ट नाही, किंबहुना तिथल्या लार्व्हा आणि निम्फ यांपैकी फार मोठा वाटा उंदरांपेक्षा या सरड्यांवरच पोसला जातो.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट लेन यांनी या सरड्यावर अनेक वर्षे काम केले. १९९८ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी गॅरी क्विस्टाड यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लाइमचे जीवाणू सरड्याच्या रक्तद्रवात ठेवले तेव्हा ते तासाभरात निष्प्राण झाले, तर उंदराच्या रक्तद्रवात तेच जीवाणू तीन दिवसांपर्यंत जिवंत राहिले. रक्तद्रव आधी तापवला की त्याची ही शक्ती जाते, म्हणजे ती उष्णतेने बिघडणाऱ्या प्रथिनात आहे. पुढे २००० साली हे प्रथिन म्हणजे रक्तातल्या जन्मजात संरक्षणव्यवस्थेचा, कॉम्प्लिमेंट या प्रथिनसमूहाचा भाग असल्याचे दिसून आले. सरडा काही औषध बाळगून नाही. त्याच्या रक्तातली नेहमीची पहारेकरी व्यवस्था या जीवाणूला ओळखते आणि फोडते, आणि उंदराची तीच व्यवस्था त्याला सोडून देते. कॅलिफोर्नियातल्याच ॲलिगेटर लिझर्डच्या रक्तातही हा गुण आढळला आहे. बाधित निम्फ अशा सरड्याचे रक्त पितो तेव्हा त्याच्या आतड्यातले जीवाणूही मरतात, आणि याचा माग आकड्यांत उमटतो. ईशान्य अमेरिकेत प्रौढ गोचिडींतले बाधेचे प्रमाण निम्फपेक्षा जास्त असते, काही भागांत ते निम्म्यापर्यंत जाते, कारण प्रौढाला बाधा होण्याची संधी दोनदा मिळालेली असते. कॅलिफोर्नियात उलटे आहे: प्रौढांतले प्रमाण साधारण शेकडा एक-दोन, आणि निम्फमधले त्याहून अधिक. वाढत्या वयाबरोबर गोचीड बाधित होण्याऐवजी स्वच्छ होते, याचे श्रेय बव्हंशी सरड्याला जाते.

इथपर्यंत पत्रलेखकाचे म्हणणे निर्विवाद आहे. मात्र त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष, की सरडे वाढवले तर लाइम घटेल, तो टिकत नाही, आणि तो टिकतो का हे कोणीतरी प्रत्यक्ष करून पाहिले आहे. आंद्रेया स्वेई, रिचर्ड ऑस्टफेल्ड, रॉबर्ट लेन आणि चेरिल ब्रिग्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरीन काउंटीत जंगलाचे काही तुकडे आखून घेतले, त्यातल्या काही तुकड्यांतून सरडे पकडून बाहेर नेले, बाकीचे तसेच ठेवले आणि पुढच्या वर्षी दोन्हीकडे निम्फ किती निघतात ते मोजले. अपेक्षा अशी होती की सरडे गेले की लार्व्हे झक मारत उंदरांकडे आणि खारींकडे वळतील, तिथे बाधा घेतील आणि धोका वाढेल. झाले वेगळेच. काही लार्व्हे तिथल्या वुडरॅट जातीच्या उंदरांवर, त्यातही माद्यांवर वळले, पण बहुसंख्य लार्व्ह्यांना दुसरा यजमान मिळालाच नाही आणि ते उपाशी मेले. पुढच्या वर्षी सरडे काढलेल्या तुकड्यांत बाधित निम्फ कमी निघाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा, की सरडा एकीकडे गोचिडीला स्वच्छ करतो आणि दुसरीकडे तिला खाऊपिऊ घालून तिची संख्या वाढवतो, आणि त्या ठिकाणी, त्या हंगामात दुसरी गोष्ट पहिलीवर भारी पडली.

हा निष्कर्ष एका हंगामापुरता आहे. सरडे कायमचे नाहीसे झाले तर गोचिडी काही वर्षांत दुसऱ्या यजमानांशी जुळवून घेतील का, हे त्यातून कळत नाही. म्हणून या अभ्यासाचा हवाला देऊन सरडे मारा असे म्हणणेही तितकेच चुकीचे, आणि ते संशोधकांनी म्हटलेलेही नाही. पण पत्रलेखकाने लेन यांचा १९९८चा प्रयोग सांगितला आणि त्यांचाच सहभाग असलेला २०११चा अभ्यास गाळला, हे मला खटकले. परीक्षानळीत जीवाणू मेला म्हणजे जंगलात रोग घटला असे होत नाही. मधे गोचीड आहे, आणि तिचे पोट भरण्याचा प्रश्न आहे.

आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. पूर्व किनाऱ्यावर काळ्या पायांची गोचीड उत्तरेत आहे तशी दक्षिणेतही आहे, तरीही लाइमचे रुग्ण उत्तरेत मोठ्या संख्येने आणि दक्षिणेत अगदी थोडे. याचे कोडे बराच काळ होते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे हॉवर्ड गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अनेक ठिकाणचे प्राणी पकडून त्यांच्यावरच्या गोचिडी मोजल्याचे निष्कर्ष मांडले. दक्षिणेत लार्व्हा आणि निम्फ उंदरांपेक्षा सरडेकुळातल्या प्राण्यांवर, विशेषतः स्किंक म्हणजे आपल्या सापसुरळीच्या भाऊबंदांवर जास्त बसतात, आणि स्किंक हे जीवाणू पुढे देण्यात उंदरांच्या मानाने कच्चे. शिवाय दक्षिणेतले निम्फ पाचोळ्याखालीच राहतात, गवताच्या शेंड्यावर चढून माणसाची वाट पाहत नाहीत. या दोन्ही गोष्टी मिळून दक्षिणेत धोका कमी राहतो. इथे सरडा पुन्हा माणसाच्या पथ्यावर पडलेला दिसतो.

परंतु त्याच दक्षिणेतून, साउथ कॅरोलिना आणि फ्लोरिडातून, २००५ साली असा अहवाल आला होता की तिथल्या जंगली सरड्यांच्या बऱ्याच नमुन्यांत लाइम-गटातल्या बोरेलियाचे डी.एन.ए. सापडले. त्याआधी १९९६ साली प्रयोगशाळेत तिथला हिरवा ॲनोल नावाचा सरडा आणि एक स्किंक यांच्यावर पोसलेल्या लार्व्ह्यांपैकी काहींमध्ये जीवाणू गेल्याचेही दिसले होते. म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्या पायरीपर्यंतचा पुरावाही थोडाफार आहे. आपल्या बातमीचा पाया बहुधा याच प्रकारचे संशोधन असावे. ते खोटे नाही. कॅलिफोर्नियातल्या सरड्याचे रक्त जे करते ते पूर्वेकडच्या ॲनोलचे रक्त तेवढ्या चोखपणे करत नसावे, इतकेच त्यातून म्हणता येते. आणि एखादा प्राणी थोड्या प्रमाणात जीवाणू पुढे देऊ शकतो ही गोष्ट, त्याच्यामुळे त्या प्रदेशात माणसांना रोग होतो या गोष्टीपासून बरीच लांब आहे.

मला स्वतःला या सगळ्यात युरोपची कहाणी सर्वांत रोचक वाटते, आणि आपल्या बातमीत किंवा त्या पत्रात तिचा धड उल्लेखही नव्हता याचे आश्चर्य वाटते. युरोपात लाइम एकाच जीवाणूमुळे होत नाही. बोरेलिया अफ्झेली, बोरेलिया गारिनी आणि बर्गडॉर्फेरी अशा त्यांच्या अनेक जाती तिथल्या इक्सोडिस रिसिनस या गोचिडीत असतात. अफ्झेली मुख्यतः लहान उंदीरवर्गीय प्राण्यांत टिकते, तर गारिनी पक्ष्यांत. याच कुळातली बोरेलिया लुसिटानिए ही जात १९९३ साली पोर्तुगालमधल्या गोचिडीतून प्रथम वेगळी करण्यात आली. ती कुठल्या प्राण्यात टिकते हे बराच काळ कळत नव्हते. डानिया रिश्टर आणि फ्रान्झ-राइनर मातुश्का यांनी २००६ मध्ये दाखवले की ती टिकते सरड्यांत. इटलीतल्या तोस्काना भागात, पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आणि ट्युनिशियातही सरड्यांशी तिचा संबंध आढळला आहे. गंमत अशी, की त्याच सरड्यांवर पोसलेल्या गोचिडींत अफ्झेलीसारख्या इतर जाती मात्र फारशा सापडत नाहीत. म्हणजे एकच सरडा, एकच रक्त. एका जीवाणूला घर देते, दुसऱ्याला दाराबाहेर काढते. लुसिटानिएमुळे माणूस आजारी पडल्याची उदाहरणे आहेत, त्यातले एक पोर्तुगालमधल्या रुग्णाच्या त्वचेतून मिळालेल्या जीवाणूचे, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि युरोपातल्या लाइमचा भार प्रामुख्याने अफ्झेली आणि गारिनी यांचाच आहे. सरपटणारे प्राणी लाइमचे वाहक, असे सरसकट विधान करायचेच असेल तर त्याला सर्वांत भक्कम आधार हा आहे, आणि तोही एका जीवाणूपुरता.

कासवांबद्दल बातमीत एक ओळ होती. तुर्कस्तानात जमिनीवरच्या कासवांवर बसणाऱ्या हायलोमा जातीच्या गोचिडीत बोरेलिया टर्सिका नावाचा जीवाणू सापडला आहे, हे खरे. पण तो लाइमच्या गटातला नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांशी निगडित असलेल्या वेगळ्याच शाखेतला आहे, आणि त्यामुळे माणूस आजारी पडतो असे दिसलेले नाही. बोरेलिया हे आडनाव एक असले म्हणून रोग एक होत नाही.

इथवर जे लिहिले त्यातले काहीही महाराष्ट्रातल्या सरड्यांबद्दल नाही, आणि हे आपल्या वाचकांना स्पष्टपणे सांगायला हवे होते. कॅलिफोर्नियातला कुंपणावरचा सरडा आणि आपल्या बागेतला, विणीच्या काळात डोके-गळा लाल करणारा सरडा दिसायला सारखे वाटले तरी वेगवेगळ्या कुळांतले आहेत. घरातली पाल तर आणखीच दूरची. सरपटणाऱ्या प्राण्यांवर गोचिडी आपल्याकडेही बसतात. धामण किंवा घोरपड सोडवणाऱ्या कोणाही सर्पमित्राला विचारा, खवल्यांच्या फटीत रुतून बसलेल्या गोचिडी त्याने पाहिलेल्या असतात. पण त्या बहुतेक अँब्लिओमा कुळातल्या, सरपटणाऱ्या प्राण्यांवरच जगणाऱ्या असतात. लाइम पसरवणारी अमेरिकी किंवा युरोपीय गोचीड सह्याद्रीत नाही. भारतात लाइमचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत तुरळक नोंदले गेले आहेत, त्यांपैकी काहींचे निदान वादातीत नाही, आणि सरड्याचा त्यात कुठेही संबंध दाखवला गेलेला नाही. तेव्हा बातमी वाचून कोणी सोसायटीच्या बागेतले सरडे काठीने मारू लागला, तर ते साप म्हणून भुई धोपटणे होईल.

आपल्याकडे गोचिडीमुळे माणसे मरतात ती वेगळ्या रोगाने, आणि त्याबद्दल आपल्या पुरवणीत लाइमइतके सविस्तर कधी वाचल्याचे आठवत नाही. १९५७ साली कर्नाटकातल्या तत्कालीन शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला, तेव्हा पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. तोच माकडताप २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. तो पसरवणारी मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. काजूच्या बागेत, जळाऊ लाकडासाठी किंवा गुरांमागे जंगलात जाणाऱ्या माणसाला साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत तिचे निम्फ चिकटतात. हा विषाणू आहे, जीवाणू नव्हे. लाइमला लागू पडणारे डॉक्सीसायक्लिन इथे उपयोगी नाही. या चक्रात माकडे, उंदीर, खारी, चिचुंद्र्या आहेत. सरडा आरोपी म्हणून पुढे आलेला नाही. पशुपालक ज्याला गोचीड ताप म्हणतात तो गाईगुरांचा आजार आणखी वेगळा. तिन्हींची सरमिसळ बातम्यांतून नेहमी होते.

तरीही लाइमविषयी आपल्या वाचकांना माहिती असायला हवी, असे मला वाटते, आणि त्याचे कारण सरडे नव्हेत. न्यू जर्सी, कनेटिकट, बॉस्टनचा परिसर, पेनसिल्व्हेनिया या लाइमच्या ऐन पट्ट्यात हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात इथून आई-वडील जातात. निम्फ सर्वाधिक सक्रिय असतात ते नेमके मे ते जुलै या महिन्यांत. नातवंडांबरोबर परसात पाचोळा ओढणारे, संध्याकाळी झाडीच्या कडेने फिरायला जाणारे आजोबा गोचिडीच्या आयत्या तावडीत सापडतात. निम्फ चिकटल्यावर जीवाणू अंगात जायला साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली आणि कानामागे पाहिले तर बहुतेक धोका टळतो. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरावी आणि सरळ वर, न पिळता, सावकाश ओढावी. आपल्याकडे रॉकेल, तेल किंवा उदबत्तीचा चटका देण्याची सवय आहे. ती इथे सोडावी, कारण त्यात उगाच वेळ जातो आणि गोचिडीच्या पोटातला ऐवज कातडीत जाण्याची शक्यता वाढते. धोका जास्त वाटल्यास ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनचा एक डोस देण्याची पद्धत तिथले डॉक्टर वापरतात, पण तो निर्णय त्यांचा.

लाइमचे पहिले लक्षण म्हणजे चाव्याच्या जागेभोवती काही दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा. तो बहुतेक रुग्णांत येतो, सर्वांत नाही, आणि सावळ्या त्वचेवर तो गुलाबी-लाल न दिसता काळसर किंवा जांभळट दिसत असल्याने सहज निसटतो. पुस्तकातली चित्रे गोऱ्या त्वचेची असतात. सप्टेंबरात परत आलेल्या ज्येष्ठांना ताप, अंगदुखी, चेहऱ्याच्या एका बाजूला लुळेपणा किंवा गुडघ्याला मोठी सूज असेल, तर इथल्या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर आधी डेंगी, चिकुनगुनिया किंवा संधिवात येणार, आणि ते स्वाभाविकही आहे. आपण कोणत्या राज्यात, कोणत्या महिन्यांत होतो आणि झाडीत वावरलो का, हे रुग्णाने आपणहून सांगितले तरच लाइमचा विचार होईल. वेळेत निदान झाले तर साध्या प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो.

एक विनंती शेवटी करतो. बातमीसोबत आपण जे छायाचित्र छापले होते ते आपल्याकडच्या बागेतल्या सरड्याचे होते, आणि त्याखाली लाइमच्या वाहकाचे नाव होते. आपल्या संकेतस्थळावरच्या आवृत्तीत ते अजूनही तसेच आहे. तिथे युरोपातला सरडा दाखवावा, किंवा निदान त्याखालची ओळ तरी काढून टाकावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
(निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक), पुणे